वास्ता

आषाढ-श्रावणात गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजारात वास्ता येतो. बांबूचा कोवळा कोंब. अंगावर सालीचे घट्ट पदर, त्यांवर काळपट कूस. ती बोटांत शिरली की दिवसभर खाज सुटत नाही. पदर सोलत जावं, सोलत जावं, तेव्हा कुठे आतला पांढुरका गाभा हाती लागतो.

हा गडी भारी उतावळा. स्वतःचं एकही हिरवं पान नसताना, जमिनीतल्या कंदात साठलेल्या अन्नावर तो सरसर उंच होतो. अंगात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. कुणीही येऊन खावं असा हा लुसलुशीत जीव, म्हणून निसर्गाने त्याला विषाचं कवच दिलंय. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून तो टॅक्सिफायलिन तयार करतो. पेशी शाबूत असेपर्यंत ते गुमान पडून असतं. कोंब चिरला किंवा चावला की शेजारच्या विकराशी त्याची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतं. नाजूक शेंड्यात ते बुडख्याच्या कित्येक पटींनी जास्त. जिथून वाढायचं, तिथेच पहारा कडक!

मात्र त्याचा कडूपणा कापणाऱ्याच्या हातातही असतो. मातीतून नुकतं डोकं वर काढलेला कोंब गोडसर लागतो. उजेड खाल्लेला, शेंड्याला हिरवा झालेला कडवट होतो. जपानात क्योटोजवळचे शेतकरी हिवाळ्यात बांबूच्या बनात पेंढा आणि माती पसरतात आणि वसंतात कोंबाला ऊन लागण्याआधीच तो जमिनीतून उकरून काढतात. तेवढ्या कष्टाचं चीज होतं, असं मला मनापासून वाटतं.

कापल्यावरही त्याची घाई संपत नाही. मुळाशी नातं तुटलं तरी तो बांबू व्हायचंच बघतो. साखर खर्ची पडते, कापल्या बाजूकडून लिग्निन साठत जातं आणि सकाळचा कोवळा कोंब उन्हातल्या टोपलीत चोथट होऊ लागतो. थंडाव्यात ही चाल मंदावते, थांबत नाही.

आपल्याकडच्या बायका वास्ते बारीक चिरतात, रात्रभर पाण्यात ठेवतात, उकळून पाणी फेकतात. या रीतीत पक्कं रसायनशास्त्र आहे. चिरल्याने विष मोकळं होतं, पाण्यात उतरतं, आणि सायनाइड २६ अंशांनाच उकळत असल्याने वाफेबरोबर निघून जातं. मग ज्वारीच्या कण्या किंवा डाळ घालून केलेली भाजी निर्धास्त खावी.

तेव्हा बाजारात वास्ता घेताना आखूड, वजनदार आणि कापल्या जागी ओलसर असलेला निवडा. त्याच दिवशी चिरा, भांडं उघडं ठेवून उकळा, पहिलं पाणी टाकून द्या. कच्चा मात्र कधीही खाऊ नका. आणि स्वतः तोडायला गेलात तर बेटातले सगळे कोंब काढू नका. पुढचे बांबू त्यांतूनच व्हायचे आहेत.