साच्याचा साचा

गणपतीच्या आदल्या रात्री काचीगुड्याच्या घरी आई मोदकाचा साचा घासत होती आणि मी ऑफिसातली माझीच चूक निस्तरत होतो.

पायथनमध्ये क्लास म्हणजे साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मोदक. पण साचाही कुणीतरी घडवतोच. तो कारागीर म्हणजे मेटाक्लास. एरवी हे काम ‘टाइप’ करतो: नाव, पालक-क्लास आणि गुणधर्म दिले, की चालू प्रोग्रॅममध्येच नवा क्लास तयार. मी ‘टाइप’वरून स्वतःचा मेटाक्लास बेतला. ग्राहकांना संदेश पाठवणारा क्लास जन्मला, की यादीत त्याची आपोआप नोंद. वीसच ओळी, पण केवढा अभिमान!

त्या यादीत माझा चाचणीचा क्लासही शिरला. खऱ्या ग्राहकांना ‘टेस्ट टेस्ट’ असे संदेश गेले. मी रजेवर. सहकाऱ्याने तासभर शोधलं. नोंद करणारी ओळ कुठे सापडेना. फोनवर ओरडला, “मियाँ, ये कायकू चल रा?”

आई म्हणाली, “युक्ती केलीस, पण कुणाला सांगितलीस का?”

रात्रीच मेटाक्लास काढून टाकला. २०१६ मध्ये आलेल्या पायथन ३.६ पासून ‘इनिट सबक्लास’ आहे. नवा उपक्लास झाला की पालक-क्लासलाच कळतं. माझं काम तेवढ्यात भागत होतं. चाचणीचे क्लास वगळायची अट उघड लिहिली, वर मराठी वळणाच्या इंग्रजीत लांबलचक टीप.

सकाळी सहकाऱ्याने ती वाचली. उत्तर आलं: “समझ गया. मोदक कित्ते रखे?”