चूल

गावाहून लग्नाचं आवतण आलंय. काकूंनी फोनवर बजावलं, "चूलबंद आहे हं!" म्हणजे त्या दिवशी घरात काही रांधायचं नाही, लहानथोर सगळ्यांनी तिकडेच जेवायचं. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली, तरी आवतण चूलबंदच राहिलं. मला ते फार आवडतं.

भाऊ वेगळे झाले की 'वेगळी चूल मांडली' म्हणतात. शेत, भांडी यांची वाटणी होते, पण घर फुटल्याची खरी खूण दुसरी चूल. जनगणनेतही कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी, एकाच स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं. नातं असो वा नसो. पक्षातून फुटलेले पुढारीही 'वेगळी चूल' मांडतात, ते मात्र मला खटकतं. चुलीमागचे कष्ट त्यांच्या फुटण्यात कुठे असतात?

ते कष्ट मी आजीचे पाहिलेत. माती, शेण, तूस कालवून ती चूल घालायची, शेजारी वैल ठेवायची, रोज पोतेरं फिरवायची. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकणीनं फुंकून डोळे लालभडक. खोकला तिला शेवटपर्यंत सुटला नाही. २०१६ साली गॅसची उज्ज्वला योजना आली, तेव्हा ती नव्हती.

'चूल आणि मूल' हे यमक कानाला गोड लागतं, याचाच मला राग येतो. हायवेवर 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी दिसली, की मी आधी मागच्या बाजूला जाऊन बघते: धूर कुठे जातोय, आणि भाकऱ्या कोण थापतंय.