पाटा, फरशी आणि पार्किंगमधला धोंडा

काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरात लिंबू चिरायचे ते ताटातच, अशी आईची सक्त ताकीद असे. शहाबादी फरशीवर रस सांडला की तेवढी जागा निस्तेज व्हायची आणि मग कितीही घासली तरी पूर्ववत व्हायची नाही. शहाबादी म्हणजे चुनखडक, आणि आम्ल चुन्याला खाते, हे दहावीपर्यंत शिकूनही फरशीशी त्याचा संबंध मी कधी लावला नव्हता.

शहाबाद तसे जवळच, कलबुर्गी जिल्ह्यात (आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत गुलबर्गाच होते). फार पूर्वी तिकडे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी चुन्याचा बारीक चिखल थरावर थर साठत गेला, वरच्या वजनाने दबला आणि घट्ट झाला. हा स्तरित खडक. थरांवरच सुटतो म्हणून त्याच्या सपाट फरश्या निघतात. त्यात शंख-शिंपले मात्र शोधू नका. तो साठला तेव्हा शिंपले असलेले प्राणी पृथ्वीवर अवतरलेच नव्हते.

असाच चुनखडक जमिनीत खोल गाडला गेला, उष्णता आणि दाब सोसून त्याचे कण नव्याने जुळले, की त्याचा संगमरवर होतो. हा रूपांतरित खडक. रूप पालटले तरी स्वभाव तोच राहतो. आमच्या संगमरवरी देव्हाऱ्यात पंचामृताचे दही जिथे सांडते, तिथली चकाकी गेलेली आहे.

आजीचा पाटा मात्र कशालाच दाद देत नाही. चिंच वाटा, लिंबू पिळा. तिने तो लग्नानंतर परभणीहून आणला होता. तो बेसाल्टचा, म्हणजे मराठवाड्याचा काळा दगड. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि उघड्यावर लवकर निवला. स्फटिकांना वाढायला वेळच मिळाला नाही, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. पाक घोटत राहिलो तर बारीक साखर होते आणि शांत ठेवला तर खडीसाखरेचे मोठे खडे धरतात, तसेच हे.

खडीसाखर पाहायची असेल तर हैदराबादेत या. इथला ग्रॅनाइटही अग्निजन्यच, पण तो सुमारे 250 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, सावकाश निवलेला. गुलाबी फेल्डस्पार, काचेसारखे क्वार्ट्झ, काळा चमचमता अभ्रक, सगळे नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येते. (ओट्यावरच्या 'ब्लॅक गॅलेक्सी'ला दुकानदार ग्रॅनाइट म्हणतो. भूगर्भशास्त्राच्या हिशेबात तो गॅब्रोच्या कुळातला. आमच्या घरी हे सांगून काही उपयोग झालेला नाही.)

विकाराबाद-बिदर-उदगीरमार्गे परभणीला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसा. हैदराबादचे गोल धोंडे संपतात, मग तांबडा जांभा लागतो, पुढे काळी माती सुरू होते. जुन्या ग्रॅनाइटवर पसरत आलेल्या लाव्हाची कड आपण तिकिटाच्या पैशांत ओलांडतो.

आता मूळ मुद्दा. गच्चीबावलीजवळ आमच्या इमारतीच्या मागे असे तीन धोंडे एकावर एक आहेत, दुमजली घराएवढे. माझी भाची विचारते, "आत्या, हे इथे कुणी आणून ठेवले?" कुणीच नाही. वरचा खडक युगानुयुगे झिजून गेला, दाब उतरला, तशा ग्रॅनाइटला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. भेगांतून पाणी शिरले. चौकोनी तुकड्याचे कोपरे दोन-तीन बाजूंनी कुजतात, म्हणून ते आधी जातात आणि तुकडा गोल होतो. कुजलेला भाग, ज्याला आपण मुरूम म्हणतो, तो पावसाने वाहून गेला आणि गाभे जागच्या जागी एकमेकांवर टेकून राहिले.

सोसायटीला तिथे सात गाड्यांची जागा हवी आहे. फोडणाऱ्याचे दरपत्रकही आले आहे. "पत्थर ही तो है, मॅडम," असे अध्यक्ष म्हणतात. माणूस वाईट नाही. गाडीला जागा न मिळाल्याने रात्री अकराला भांडणे होतात आणि ती त्यांनाच मिटवावी लागतात. शहरात हे धोंडे वाचवण्यासाठी 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था बरीच वर्षे काम करते आहे, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा पार्किंगवर आले.

म्हणून मी टेप घेऊन जागा मोजली आणि लॅपटॉपवर आराखडा काढला. गाड्या तिरप्या लावल्या तर धोंड्यांना हात न लावता पाच बसतात. उरलेल्या दोहोंपैकी एक आमची, ती रस्त्यावर लावायची माझी तयारी आहे. दुसरीचे मालक तिसऱ्या मजल्यावर राहतात. रविवारच्या बैठकीआधी त्यांच्याकडे जाऊन यायचे आहे. भाची बरोबर येते म्हणाली आहे.