पायी खुलताबादला

आमच्या चालण्याची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीने झाली. कुणाची शुगर, कुणाचे गुडघे. फजरनंतर शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारता मारता आम्ही अकराजणी जमलो. गोल फिरून कंटाळलो, तेव्हा ठरलं की एका रविवारी दौलताबादहून खुलताबादला पायी जायचं. दहा-बारा किलोमीटर, घाटाचा रस्ता आणि शेवटी दस्तरखान.

बाराव्या आपा. त्यांची इद्दत संपून दोन महिने झाले होते, तरी उंबरा ओलांडला नव्हता. चार महिने दहा दिवस शरियतने सांगितले. पुढचे दिवस मोहल्ल्याने वाढवले. आम्ही विचारायला गेलो तर मुलगा अवघडून म्हणाला, "अब्बूंना जाऊन वर्षसुद्धा झालं नाही. लोक काय म्हणतील?" आपा गप्पच होत्या. रविवारी पहाटे मात्र बसथांब्यावर त्या आमच्याआधी हजर! पायांत मुलाचे बूट. त्याने दिले की त्यांनी घेतले, हे आम्ही विचारलं नाही.

दौलताबादच्या बाहेरच्या तटाची अरुंद वेस ओलांडली की चढ लागतो. गाड्यांमुळे एकामागे एक चालावं लागलं. बोलक्या बायकांना याहून मोठी शिक्षा नाही. पहिल्या वळणावरच धाप लागली. सगळ्या बसलो, पाणी प्यालो आणि इतिहास शिकवणारीने विषय काढला. 1327 साली मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे आणली, तेव्हा माणसं पार दिल्लीहून आली होती. 'फवाइद-उल-फुआद' लिहिणारे अमीर हसन सिजझी हे शायरही त्या काळात इकडे आले आणि खुलताबादेतच दफन झाले.

आपा म्हणाल्या, "त्या काफिल्यात बायाही असतील ना? वाटेत कुणाचा नवरा गेला असेल, तर तिने इद्दत कुठे पाळली असेल?"

आमच्यापैकी कुणालाही उत्तर देता आलं नाही. वर्षानुवर्षं आम्ही मुलांना तुघलकाची लहर शिकवतो, पेपरात त्यावर प्रश्न काढतो. त्या बाया कधी मनात आल्या नव्हत्या.

पुढचा घाट आपा एकट्याच पुढे चालल्या. आम्ही मुद्दाम अंतर ठेवलं.

खुलताबादेत झाडाखाली दस्तरखान अंथरला. एकीने नान-कलिया आणला होता. तोही तुघलकाच्या लष्कराबरोबर आला म्हणतात. आपांच्या डब्यात खिचडी आणि खट्टा. "चिंच जास्त पडली. ह्यांना अशीच लागायची," म्हणत त्यांनी सगळ्यांना वाढलं. खट्टा खरंच फार आंबट होता. भांडं तरी रिकामं झालं. उरलेला वेळ कुणाची सून कशी आणि शाळेची तपासणी कधी यात गेला. त्यात आपाही दोनदा मोठ्याने हसल्या.

परतीच्या एसटीत कंडक्टरने विचारलं, "किती?"

"अकरा अर्धी," आमच्यातली एक सवयीने म्हणाली.

मागच्या सीटवरून आपांचा आवाज आला, "बारा."