झोपाळ्याच्या पाटाला गेलेली चीर

जुन्या सागवानी तुळईतून चिरून काढलेल्या पाटाच्या टोकाला मी स्क्रू टेकवला, मशीनचं बटण दाबलं आणि डोळ्यांदेखत लाकडाला वीतभर चीर गेली. ओसरीवर आई तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिलं आणि पुन्हा सुपात घातली. पाट तिच्याच झोपाळ्याचा होता.

भीमेकाठचा आमचा वाडा उतरवला तेव्हा भावाभावांत लाकडाची वाटणी झाली आणि दोन तुळया माझ्या वाट्याला आल्या. आमच्या आळीत आता जुना वाडा एकही उरलेला नाही. गावाचं नाव राजगुरुनगर होऊन किती वर्षं झाली, तरी आळीतली म्हातारी माणसं अजून खेडच म्हणतात. त्या खेडातलं एवढंच लाकूड माझ्याकडे आलं. व्यापाऱ्याने भाव बरा सांगितला होता, पण ज्या तुळईला आम्हा भावंडांचे पाळणे टांगले होते ती विकायला मन धजेना. आईला म्हटलं, तुला झोपाळा करतो.

चाकणच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर मी बावीस वर्षं काढली. तिथे नटरनरला टॉर्क ठरवून दिलेला असतो. तेवढा बसला की हिरवा दिवा लागतो, नाही लागला तर काम पुढे सरकत नाही. इतकी वर्षं नट आवळणाऱ्या माणसाला लाकडात स्क्रू मारणं काय अवघड, असं मला वाटत होतं. मशीन बॅटरीवरचंच हवं होतं, कारण बहुतेक काम रानातल्या शेडमध्ये करायचं होतं. आमचं रान चासच्या बाजूला आहे. शेतीची वीज तेव्हा एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री यायची. वायरवाल्या मशीनचा तिथे उपयोग नव्हता.

म्हणून मी एका दुकानात गेलो आणि म्हणालो, “शेठ, लाकडात स्क्रू मारायचेत, बॅटरीवरचं इम्पॅक्ट द्या.” त्यांनी खोक्यावर ‘इम्पॅक्ट’ छापलेलं मशीन काढून दिलं. मी शब्द वाचला आणि पैसे मोजले.

सगळा घोळ या शब्दातच आहे. ‘इम्पॅक्ट’ नावाची तीन वेगवेगळी मशिनं बाजारात आहेत आणि दुकानात तिन्हींना नुसतं ‘इम्पॅक्ट’ म्हणतात. मला मिळालं ते इम्पॅक्ट ड्रिल, म्हणजे आपले कारागीर ज्याला हॅमर ड्रिल म्हणतात ते. त्याचे ठोके बिटाच्या रेषेत, भिंतीच्या दिशेने बसतात. विटेत, काँक्रीटमध्ये भोक पाडायला ते हवंच, लाकडात मात्र त्या ठोक्यांचं काही काम नाही. दुसरं इम्पॅक्ट रेंच. त्याच्या तोंडाला चौकोनी खुंटी असते, तिच्यावर सॉकेट बसवून चाकाचे नट सोडवतात; पुणे-नाशिक रस्त्यावरच्या गॅरेजांत तेच. आणि मला हवं होतं ते तिसरं, इम्पॅक्ट ड्रायव्हर. त्याला चकच नसतो. पाव इंची षटकोनी खाच असते, कॉलर पुढे ओढून बिट आत सारायचं. स्क्रू सहज जातोय तोवर ते गुपचूप फिरतं. लाकडाने अडवलं की आतली स्प्रिंगवरची हातोडी फिरण्याच्या दिशेने ठोके घालू लागते, मिनिटाला तीन हजारांच्या आसपास. ठोका आतल्या आत बसतो, त्यामुळे हाताला हिसका बसत नाही. बॉशच्या मशिनांवरची अक्षरं लक्षात ठेवली तरी फसगत टळते: जीएसआर म्हणजे साधं ड्रिल-ड्रायव्हर, जीएसबी म्हणजे त्यालाच हॅमर जोडलेला, आणि जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर.

चिरलेला पाट घेऊन मी आळीतल्या सुतारमामांकडे गेलो. ऐंशीच्या घरातलं वय, हात थरथरतात, पण लाकडावर बोट फिरवताना थरथर थांबते. मशीन चुकीचं आल्याची कथा मी सांगू लागलो, तर त्यांनी मध्येच थांबवलं. “मशिनीला कशाला बोल लावतोस? भोक न पाडता सागवानाच्या टोकाला स्क्रू घातलास. कोणतंही मशीन असतं तरी फाटलंच असतं.” मग माळ्यावरून त्यांनी आपला सामता काढायला लावला. कामटीची दोरी दांड्याला एक वेढा घालून पुढेमागे ओढायची, की खालचं टोक गरगर फिरतं. स्टुटगार्टच्या फाइन कंपनीने विजेचं हातड्रिल १८९५ मध्ये केलं, ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरचं १९६१ मध्ये आणलं. मामांचा सामता त्यानंतरही कितीतरी वर्षं खेडातल्या दारांना भोकं पाडत होता. ते म्हणाले, “ह्याने भोक पाडताना लाकूड किती कठीण ते हाताला कळायचं. तुझ्या मशिनीवर कळतं का बघ, आणि मग घे.”

मशीन निवडताना मला सगळ्यांत उपयोगी पडलं ते हे वाक्य.

सागवानावर पुन्हा हात टाकण्याआधी पॅकिंगच्या लाकडावर सराव करायचं ठरवलं. चाकणच्या भंगारवाल्यांकडे कंपन्यांच्या खोक्यांचं पाइन मिळतं. ते घेताना फळीवरचा गव्हाच्या कणसाचा शिक्का बघावा. शेजारी ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं असतं. ते खुशाल वापरावं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते. तसलं लाकूड मी घरात येऊ देत नाही. निवडून आणलेल्या फळ्यांचा मी कामाला ठिय्या केला आणि तो करताकरता त्या हॅमर ड्रिलची एक बाजू कळली. हॅमरचं चिन्ह बंद करून, पुढची आकड्यांची कडी कमी आकड्यावर ठेवली, की स्क्रू पुरेसा बसल्यावर मशीन कटकट करून फिरवणं सोडून देतं. हा क्लच. लाइनवरचा हिरवा दिवा तो हाच! पहिल्या दिवशी मी कडी ड्रिलच्या खुणेवर ठेवली होती, म्हणजे क्लच बंदच होता.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला बहुधा असा क्लच नसतो. प्लायवर, बिजागऱ्यांवर, पितळी स्क्रूवर ते बेतानेच चालवावं लागतं. एक क्षण जास्त दाबलं की स्क्रूचं डोकं तरी खाल्लं जातं, नाहीतर डोकं लाकडात बुडतं. खोक्यावर १७० न्यूटन मीटर वाचून लोक भारावतात. चारचाकीच्या चाकाचा नट ११० च्या आसपास आवळतात. कपाटाच्या स्क्रूला त्याचा अगदी थोडा अंश लागतो. व्होल्टचंही तसंच. १८ आणि २० व्होल्ट ही बहुतेक ठिकाणी एकच बॅटरी असते: आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, पूर्ण चार्ज झाल्या झाल्या प्रत्येकी ४ च्या आसपास भरतात, म्हणून कुणी २० छापतो. नुसती कपाटं आणि प्लायचं काम असेल तर १२ व्होल्टचं हलकं मशीन हाताला सुखाचं. माझ्यापुढे तुळया होत्या, म्हणून मी १८ घेतलं.

या वेळी पुण्यात बोहरी आळीला गेलो, पिशवीत सागवानाचा तुकडा आणि चार स्क्रू घेऊन. काउंटरवरच्या काकांना म्हटलं, “काका, यात मारून बघू द्या.” त्यांनी आनंदाने दिलं. तीन मशिनं हातात धरली. त्यातलं एक बटण हळू दाबलं तरी एकदम सुटायचं, ते बाजूला ठेवलं. बोटाच्या दाबाइतकंच फिरणारं, लाकूड अडलं की हाताला कळवणारं ड्रिल-ड्रायव्हर घेतलं, कार्बन ब्रश नसलेलं. त्याच बॅटरीवर चालणारं इम्पॅक्ट ड्रायव्हर नुसतं, बॅटरीशिवाय घेतलं. एक २ अँपिअर-अवरची बॅटरी, एक ४ ची, चार्जर एक. खरी निवड बॅटरीची असते, कारण पुढचं प्रत्येक मशीन तिच्या मागून येतं. म्हणून दुरुस्तीचं केंद्र भोसरीच्या टप्प्यात आहे का, हेही विचारून घेतलं. पहिलं मशीन धाकट्या भावाने नेलं, त्याच्या घराच्या भिंतींना ते उत्तम लागू पडलं.

मग झोपाळा. पाटाची चिरलेली वीत कापून टाकली. तुळईवरून आधी लोहचुंबक फिरवलं, तर पोटात जुने चौकोनी खिळे तीन निघाले. एकाला जरी बिट लागलं असतं तर धार गेली असती. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, तेवढ्यानेही बिटं लवकर बोथट होतात. आठ नंबरचा स्क्रू साधारण ४.२ मिलिमीटर जाड असतो. वरच्या फळीत साडेचारचं भोक, खालच्या लाकडात ३ चं, डोक्यापुरता खळगा, आणि मग स्क्रू. एकही चीर गेली नाही. खालच्या पट्ट्यांचे चार इंची स्क्रू इम्पॅक्ट ड्रायव्हरने मारले. ड्रिलने मारताना मनगट पिळवटत होतं, याने ते शांतपणे आत गेले, पण आवाज एवढा की कंपनीतले इअर प्लग कानात घातले. कड्यांना मात्र स्क्रू लावला नाही. माणसाचं वजन ज्यावर टांगायचं तिथे आरपार बोल्ट आणि वॉशर, दुसरं काही नको. त्या भोकांसाठी ड्रिल पहिल्या गिअरवर, बाजूची मूठ लावून, पाट ठिय्याला शिकंज्याने आवळून.

झोपाळ्याचा पाट ठरवल्यापेक्षा वीतभर आखूड आहे. आई त्यावर रोज दुपारी बसते.

घरच्या सुतारकामाला एकच मशीन घेणार असाल तर क्लचवालं साधं ड्रिल-ड्रायव्हर घ्या. लांब स्क्रूंचं काम निघेल तेव्हा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या, त्याच बॅटरीचं. दुकानात नुसतं ‘इम्पॅक्ट’ म्हणू नका, पूर्ण नाव सांगा. आणि आपल्या लाकडाचा एक तुकडा सोबत न्या, तिथेच त्यात स्क्रू मारून बघा.