घाम की गळती?

तर झालं असं, की मागच्या महिन्यात वीकएंडला कराडला गेलो होतो. चार वर्षं तिथल्याच गव्हर्मेंट इंजिनिअरिंगला मेकॅनिकल शिकलो आणि आता हिंजवडीत बसून जावा लिहितो. आमच्या घरच्यांच्या लेखी मात्र मी अजून ‘गाड्यांचा इंजिनिअर’! मिक्सर बिघडला तरी माझ्याकडेच येतो.

मामांची सहाचाकी दारात उभी होती. संध्याकाळी साखर भरायची आणि पहाटे चिपळूण, म्हणजे पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरायचा. मी सहज (खरं तर थोडी शायनिंग मारायला) मोबाईलचा टॉर्च लावून गाडीखाली वाकलो आणि दचकलोच. मागच्या एक्सलचा मधला गोल भाग, ज्यात क्राऊन-पिनियन असतं ते हौसिंग, अर्धं काळंकुट्ट आणि ओलं!

“मामा, गाडी काढू नका. एक्सल गळतोय.”

मामांचं तोंड बघण्यासारखं झालं. गाडी उभी राहिली तरी हप्ता काही उभा राहत नाही. “वर्ष झालं तसंच हाय ते,” एवढंच म्हणाले. पण भाचा इंजिनिअर पडला, त्यामुळे कुरकुरत का होईना, गाडी कोल्हापूर नाक्याकडच्या मिस्त्रीकडे घेतली.

मिस्त्री साठीचे असतील. त्यांनी हौसिंगवर बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर काळा चिकट गाळ. “हे बघा सायेब, धूळ बसलीया ह्याच्यावर. गळती असती तर तेलानं धूळ धुऊन न्हेली असती. हा नुसता घाम हाय.”

इथे माझी पहिली विकेट पडली. मी डाग किती मोठा आहे ते बघत होतो, ते डाग किती जुना आहे ते बघत होते. ऑईलसीलची रबरी कड फिरत्या भागावर टेकलेली असते आणि तिच्याखाली तेलाचा अगदी पातळ थर असावाच लागतो, नाहीतर कड घासून जळेल. त्यातलं कणभर तेल बाहेर येतं, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि वर्षभरात भयानक दिसणारा राप तयार होतो. थेंब मात्र धरत नाही. खरी गळती उलट बऱ्याचदा ‘स्वच्छ’ दिसते. ताजं चकचकीत तेल, त्याची खाली गेलेली रेघ, टोकाला लोंबणारा थेंब. शंका असेल तर जागा डिझेलच्या फडक्याने लख्ख पुसायची, गाडी फिरवून आणायची आणि परत बघायची. नुसती ओल आली तर लक्ष ठेवायचं, थेंब आला तर खोलायचं.

मामा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते. मी चहा सांगायला निघालो. (पराभूत इंजिनिअरने दुसरं काय करायचं?)

पण मिस्त्री थांबले नाहीत. एक्सल गार होता, गाडी सपाटीवर होती. त्यांनी हौसिंगचा तेल भरायचा प्लग खोलला आणि करंगळी वाकवून आत घातली. तेल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत हवं. करंगळीचं टोक कोरडं आलं. दोन पेरं खाली गेल्यावर कुठे तेल लागलं.

“कवा भरलंतं?”

“दिवाळीच्या आधी. फुल्ल,” मामा म्हणाले.

“घामानं येवढं जात न्हाय. खाली थेंब न्हाई. मग तेल गेलं कुठं?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. आमच्याकडे सर्व्हरची मेमरी कमी होत असेल तर लॉगमध्ये दिसणाऱ्या लाल ओळींवर तुटून पडायची सवय असते. खरा चोर बहुतेक वेळा तिथे नसतोच.

मिस्त्री पाठीवर सरपटत डाव्या चाकाकडे गेले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग मला खाली बोलावलं. ब्रेकच्या ड्रमच्या मागच्या पत्र्यावर बोटभर रुंदीची ओली रेघ होती आणि आतल्या टायरच्या भिंतीवर बारीक शिंतोडे. गिअर ऑईलचा तो गंधकासारखा घाण वास. मी मघाशी त्याच्यापासून हातभर अंतरावर टॉर्च मारला होता!

चाक उतरवलं. एक्सलच्या नळीतून तेल वाहत बाहेरच्या टोकाला आलं होतं, तिथलं सील पार गेलेलं. हबमधलं ग्रीस धुतलं गेलं होतं आणि ब्रेकचे लायनर तेलाने काळे झाले होते. तेल जमिनीवर पडत नव्हतं, कारण ते लायनर पीत होते.

भरलेली गाडी, कुंभार्लीचा उतार आणि मागचं एक चाक धड ब्रेक धरत नाही. म्हणजे गाडी एका बाजूला ओढणार, उरलेल्या चाकांवर ताण येणार, ते तापणार. मला पुढचा विचार करवेना. घाबरायचं कारण वेगळंच होतं. माझ्या हातात असतं, तर मी हौसिंगचं सील बदलून, सगळं पुसून, समाधानाने “आता जा बिनधास्त” म्हणालो असतो.

लायनर पेट्रोलने धुऊन परत बसवू या, असं मामांनी सुचवून बघितलं. मिस्त्रींनी ऐकलं नाही. मुरलेलं तेल गरम झालं की परत वर येतं म्हणाले. लायनर नवे, तेही दोन्ही बाजूंचे, म्हणजे ब्रेक सारखा लागेल. सील नवं, बेअरिंग धुऊन नवं ग्रीस.

आणि सील बसवायच्या आधी एक बारकी गोष्ट केली, ती मला सगळ्यात जास्त आवडली. हौसिंगच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने गच्च बुजला होता. उसाच्या फडातल्या रस्त्यांची कृपा! तेल तापलं की आतली हवा फुगते. तिला वाट नसेल तर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. मग नवं सील घातलं तरी ते टिकेलच असं नाही. “आदी नाक मोकळं कराय पायजे,” मिस्त्री म्हणाले.

मामांची ट्रिप गेली. साखर दुसऱ्याच्या गाडीत भरली गेली आणि जेवताना ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत. मंगळवारी दुपारी चिपळूणहून फोन आला, “पोचलो. ब्रेक चांगला लागतोय.” बस्स, एवढंच.

हौसिंगचं सील मिस्त्रींनी बदललंच नाही. नुसतं पुसून ठेवलं आणि दर आठवड्याला बघायला सांगितलं. मामा आता दर रविवारी व्हॉट्सॲपवर त्याचा फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत थोडी ओल आहे, धूळ बसायला लागली आहे, थेंब नाही. मी उत्तरात प्लग खोलून बोट घातलं का, ते विचारलं. त्यावर त्यांनी तेलाने माखलेल्या करंगळीचा फोटो पाठवला.