पूर्वेच्या टोकाचे शहर

माझे माहेर साकोलीचे आणि सासर शहापूरचे. ही दोन्ही गावे ज्या एका रस्त्यावर वसली आहेत, तो पूर्वीचा सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग पूर्वेस थेट कलकत्त्याला जाऊन संपत असे. आणि त्यामुळे ते शहर डोळ्यांनी पाहण्याच्या कितीतरी आधीपासून, दूरदेशी राहणाऱ्या वडीलधाऱ्या नातलगासारखे, माझ्या आयुष्यात वावरत आले. मुंबई आमच्या राज्याची राजधानी खरी. परंतु आमच्या भंडारा-गोंदियाकडच्या झाडीपट्टीचे सारे लक्षण, तिचा भात, तिची तळी, तिची मासळी, हे पूर्वेकडचे.

लग्नानंतर हा संबंध अधिक दृढ झाला. हे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत नोकरीस होते, आणि देशातील सर्व निर्माण्यांच्या मंडळाचे सदर दफ्तर कलकत्त्यास असल्याने मोठे हुकूम तिकडूनच सुटत. २०२१ साली ते मंडळ बरखास्त झाले, तेव्हा निवृत्त होऊन काळ लोटला असूनही ह्यांनी त्या दिवशी धड जेवण केले नाही. वसाहतीत आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राही. त्या वहिनी मोहरीच्या वाटणातला रोहू धाडीत आणि मी त्याच भांड्यातून पाटवड्यांचा रस्सा, कधी जवसाची चटणी, परत पाठवी. मोहरीचा तो नाकात चढणारा दर्प मला प्रथम सोसला नाही. मग रुचू लागला. पुढे त्यांची बदली झाल्यावर त्यावाचून आश्विन सुना वाटू लागला.

ह्यांच्या निवृत्तीनंतर अशाच एका आश्विनात आम्ही उभयता नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलो. पाहावयाची स्थळे ह्यांनी ठरवावी आणि खावयाची मी, असा करार होता. १९४३ साली खुला झालेला हावड्याचा पूल ह्यांनी एकेक रिव्हेट न्याहाळीत पायी ओलांडला. माझे लक्ष मात्र पुलाखालच्या फुलबाजारातील झेंडूच्या राशींकडे. १८१४ साली स्थापन झालेल्या भारतीय संग्रहालयात भारहुतच्या स्तूपाचे तांबूस वेदिकास्तंभ पाहताना आम्ही दोघेही थबकलो, कारण १९६९-७० साली आमच्याच जिल्ह्यात, पवनीस, उत्खननात निघालेले स्तूपाचे अवशेष याच प्राचीन परंपरेतले. पवनीचे नाव जिल्ह्याबाहेर कितीजणांस ठाऊक असेल, असे ह्यांनी विचारले, आणि मला उत्तर देववेना.

परंतु माझे पाऊल खरोखर अडखळले ते बागबाजारात. तिथे मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर १७४२ साली फौजेनिशी बंगालच्या सुभ्यात शिरले, तेव्हा कलकत्तेकरांनी धास्तीने जो खंदक खणावयास घेतला, त्याची ही खूण. फौज शहरापर्यंत पोचली नाही. खंदकही अपुरा राहिला आणि कालांतराने बुजवला गेला. १७५१ च्या तहाने नागपूरकरांस सालिना बारा लाखांची चौथाई ठरली. पण खेडोपाडी जी लूट आणि जाळपोळ झाली होती, तिची आठवण बंगाली आयांच्या अंगाईत उरली, आणि बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आले या भयाने तिथली लेकरे पिढ्यान्‌पिढ्या निजली. आमचा मुलूख त्याच भोसल्यांचा. चौथाईची हकिकत आम्ही अभिमानाने ऐकत वाढलो. त्या अंगाईविषयी आम्हांस कोणी काही सांगितले नाही. माझ्या मते मुलांना दोन्ही एकत्रच सांगावयास हवे.

१८६८ साली रसगुल्ला प्रथम केला असे ज्यांच्याविषयी मानतात, ते नवीनचंद्र दास हेही याच बागबाजारचे. गल्लीपासून थोड्या अंतरावरील एका लहानशा मिठाईच्या दुकानात बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी आमचे गाव विचारले. नागपूरच्या बाजूचे, असे ऐकताच ते क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले, “म्हणजे बर्गींचा देश,” असे हिंदीत म्हणाले, आणि लागलीच त्यांनी विचारले, तिकडे भात कोणता पिकतो? मग आमचा चिन्नोर आणि त्यांचा गोविंदभोग यांच्या सुवासावर असे संभाषण रंगले की ह्यांनी ठरवलेले पुढचे स्थळ त्या दिवशी राहूनच गेले.

बाकीचे खाणे थोडक्यात सांगते. १८५६ साली राज्य गमावून कलकत्त्यास आलेल्या वाजिद अली शहाच्या मुदपाकखान्याशी जिचे नाते सांगतात, त्या बिर्याणीतला अख्खा बटाटा मला मांसाहूनही सरस वाटला. तिथल्या साध्या भाताच्या खाणावळींना पाईस हॉटेल म्हणतात. अशाच एका ठिकाणी केळीच्या पानावर गरम भात आणि मोहरीतला इलिश आला. त्या माशाचे काटे केसासारखे बारीक आणि असंख्य. ह्यांनी आपले जेवण थांबवून माझ्या पानातला तुकडा बोटांनी सावकाश निवडून दिला. इतक्या वर्षांच्या संसारात, चारचौघांदेखत, असे ह्यांनी प्रथमच केले.

भंडारा-गोंदियाकडच्या जोडप्यांनी काशी-रामेश्वर करावेच. परंतु हातपाय धड आहेत तोवर एकदा दोघांनी मिळून कलकत्त्यासही जावे. बागबाजारात कोणी गाव विचारले तर ते स्पष्ट सांगावे. आणि निघताना घरचा चिन्नोर थोडासा बरोबर न्यावा. तिथे त्याची पारख असलेली माणसे आहेत.